मंगलाष्टकं छप्पन्नाव्या मीटरवर

घरातल्या जुन्या लग्नाच्या कॅसेटला एक साधा प्रश्न विचारून पाहा: मंगलाष्टकं कुठे आहेत? तिला ते सांगता येत नाही. तिच्या पोटात अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर रुंदीची फीत आहे. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ती अडीचशे मीटरहून थोडी जास्तच भरते. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत ही फीत सेकंदाला २३.३९ मिलिमीटर सरकते. आधी गणपतीचा फोटो, मग लग्नपत्रिका, मग हळद, सीमांतपूजन, गौरीहरापुढे बसलेली नवरी असं करत करत चाळिसाव्या मिनिटाला मंगलाष्टकं सुरू होत असतील, तर त्यांचा ठावठिकाणा एवढाच: सुरुवातीपासून छप्पन्न मीटरवर. तिथे पोचायचं तर मधली सगळी फीत एका चाकावरून दुसऱ्या चाकावर गुंडाळावी लागते. दुसरी वाट नाही.

हीच कॅसेट डीव्हीडीवर उतरवली आणि तिला चॅप्टर पाडले, की रिमोटचं एक बटण दाबून आपण थेट अंतरपाटासमोर येतो. हे इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यात नवल वाटेनासं झालं. पण चॅप्टर पाडताना चित्राचा एक ठिपकाही हलत नाही. काही कापलं जात नाही, काही जोडलं जात नाही. तीन तासांचं लग्न होतं तसंच सलग राहतं, आणि तरीही त्यात कुठेही उडी मारता येते. हे कसं घडतं ते पाहायला लागलं की फितीबद्दलही आदर वाटू लागतो आणि डिस्कबद्दलही.

आधी फीत. तिची व्हीएचएस पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणली. तिच्या कर्त्यांपुढचा पेच मोठा होता. चित्राच्या संकेतात सेकंदाला लक्षावधी चढउतार असतात, आणि सेकंदाला अडीच सेंटिमीटरसुद्धा न सरकणाऱ्या फितीवर ते मावायचे कसे? फीत जोरात पळवावी तर एका सिनेमाला किलोमीटरच्या किलोमीटर फीत लागेल. तोडगा असा निघाला की फीत सावकाशच जाऊ द्यायची आणि तिच्यावर लिहिणारं-वाचणारं हेड फिरवायचं. व्हीसीआरच्या आत ६२ मिलिमीटर व्यासाचा एक चकचकीत ड्रम असतो. तो जरासा कललेला असतो आणि सेकंदाला २५ वेळा फिरतो. त्याच्यावर समोरासमोर दोन हेड बसवलेली असतात. फीत या ड्रमभोवती अर्ध्याहून थोडी अधिक गुंडाळली जाते, आणि दोन्ही हेड आळीपाळीने तिच्यावर तिरक्या रेघा ओढत जातात. काकडी सरळ चिरली तर चकती लहान येते आणि तिरकी चिरली तर लांब येते. इथे तर सुरी सहा अंशांच्या आसपास कललेली आहे. त्यामुळे अर्ध्या इंचाच्या फितीवर प्रत्येक रेघ जवळपास दहा सेंटिमीटर लांबीची मिळते. रेघेची रुंदी ४९ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. फीत गोगलगायीच्या गतीने सरकते, पण हेड आणि फीत यांच्यातला वेग सेकंदाला पावणेपाच मीटरहून जास्त पडतो.

एका रेघेत अर्धं चित्र असतं, एकाआड एक ओळींचं. दुसऱ्या रेघेत उरलेलं अर्धं, दोन्ही मिळून एक चौकट. सेकंदाला ५० रेघा. तीन तासांच्या कॅसेटवर हा हिशेब पाच लाख चाळीस हजार रेघांचा होतो. नवरीच्या मुंडावळ्या, भटजींचं उपरणं, कोपऱ्यात पेंगणारं पोर, सगळं या रेघांत आहे. आणि पाच लाख चाळीस हजारांपैकी एकाही रेघेला क्रमांक नाही.

फितीच्या अगदी खालच्या कडेला मात्र एक वेगळी, सरळ पट्टी असते. तिला कंट्रोल ट्रॅक म्हणतात. तिच्यावर चित्र नाही, आवाज नाही. दर चौकटीला एक ठोका, म्हणजे सेकंदाला २५ ठोके. फिरणाऱ्या हेडने नेमक्या रेघेवरच पाऊल ठेवावं, दोन रेघांच्या मधोमध पडू नये, यासाठी हे ठोके असतात. चित्रावर मुंग्या आल्या की आपण ट्रॅकिंगचं बटण फिरवायचो, तेव्हा या ठोक्यांशी हेडची जुळणी मागेपुढे करत होतो.

या ठोक्यांतून कॅसेटला दिशाज्ञान द्यायचा प्रयत्न झाला. सुरुवातीच्या व्हीसीआरवरचा आकड्यांचा काउंटर चाकाचे फेरे मोजत असे. पण चाकावर जशी फीत साठत जाते तसा एका फेऱ्यात जाणारा वेळ बदलतो, त्यामुळे काउंटरवरचे शंभर आकडे सुरुवातीला एवढा वेळ दाखवायचे आणि शेवटी तेवढा. शिवाय दोन यंत्रांचे काउंटर सारखे चालतीलच असं नाही. नंतरच्या यंत्रांनी कंट्रोल ट्रॅकचे ठोके मोजून तास, मिनिटं, सेकंद दाखवायला सुरुवात केली. तेही कोऱ्या फितीवर अडायचं, कारण कोऱ्या फितीवर ठोकेच नसतात. कॅसेट मध्यावर घातली तर यंत्र तिथूनच शून्य धरायचं.

आणि तरीही कुणाला तरी एक विलक्षण कल्पना सुचली. ठोका सुरू कधी होतो यावर हेडची जुळणी अवलंबून असते. तो किती वेळ टिकतो याला तसं महत्त्व नाही. मग ठोक्याची सुरुवात तशीच ठेवून त्याची लांबी कमीजास्त केली तर? लांब ठोका म्हणजे एक खूण, आखूड ठोका म्हणजे दुसरी. असे साठेक ठोके ओळीने ठरावीक घडणीचे केले की ती झाली शोधखूण. ही खूण फितीची अडीच सेकंदं व्यापते, पण वरच्या चित्राला तिचा पत्ताही लागत नाही. अनेक व्हीसीआर नवीन रेकॉर्डिंग सुरू होताना ही खूण आपोआप टाकत, आणि काही यंत्रांवर ती मागाहूनही टाकता येई. मग ‘इंडेक्स’ बटण दाबलं की यंत्र वेगाने फीत पुढे नेत नेत ठोके ऐकत जाई आणि खूण सापडली की थांबे. मला हा चॅप्टरचा खरा पूर्वज वाटतो. चित्राला न शिवता, त्याच्या पायाशी चालणाऱ्या ठोक्यांच्या चालीत बदल करून ‘इथे काहीतरी आहे’ असं सांगणारा.

व्हीएचएस आली त्याच सुमारास दुसरंही एक घराणं वाढत होतं. १९७८ मध्ये अमेरिकेत लेझरडिस्क आली, रेकॉर्डएवढी मोठी चकचकीत तबकडी. चित्राच्या वर, पडद्यावर न दिसणाऱ्या ओळींमध्ये तिच्यावर चौकटींचे आणि चॅप्टरचे क्रमांक लिहिलेले असत. भारतात ती फारशी कुणाच्या घरी पोचली नाही. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, मग व्हीसीआर, मग लग्नात खांद्यावर कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला आणि त्याच्यामागे हॅलोजनचा दिवा उंच धरून वायर सांभाळणारा पोरगा. पुढे त्या लग्नाचं मिक्सिंग व्हायचं: गाणी चढवायची, बदामाच्या आकारातून वधूवर उमलायचे, आणि सगळं एका दमात तयार कॅसेटवर उतरवायचं. एका दमात उतरवल्यामुळे शोधखूण पडलीच तर सुरुवातीला एकच. आत सलग तीन तास. म्हणून घरोघरी जे केलं गेलं ते जास्त भरवशाचं होतं: कॅसेटच्या डब्यातल्या कागदावर बॉलपेनने लिहिलेली यादी. ‘हळद, सीमांत, लग्न, पंगत, वरात.’ पुढे काउंटरचे आकडे. असा कागद तुमच्या डब्यात निघाला तर तो फेकू नका, त्याचं काम अजून संपलेलं नाही.

आता ही फीत डिस्कवर न्यायची. कॅसेट तिच्याच गतीने वाजवावी लागते. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास. समोरच्या यंत्रात चित्राचे आकडे होतात. पालची चौकट डीव्हीडीसाठी ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांची. हे आकडे जसेच्या तसे साठवले तर तासाला सुमारे ७५ जीबी होतात, आणि साध्या डीव्हीडीवर जागा ४.७ जीबी. म्हणजे आकडे आवळणं भाग आहे, आणि हे आवळण्याचं काम एमपेग-२ नावाची पद्धत करते. चॅप्टरचं सगळं गणित या आवळण्यात अडकलेलं आहे, म्हणून इथे जरा थांबू.

मंगलाष्टकं चालू असताना कॅमेरा स्थिर असेल तर या चौकटीत आणि पुढच्या चौकटीत फरक तो केवढा? अंतरपाट तोच, मांडव तोच, मामा तसाच मुलीच्या मागे उभा. बदललं काय, तर भटजींचे ओठ आणि हवेतल्या चार अक्षता. एमपेग-२ हेच हेरतं. एक चौकट ते पूर्ण लिहितं. तिला आय फ्रेम म्हणतात. पुढच्या चौकटींचे फक्त फरक लिहितं. ‘आधीच्या चित्रातला हा तुकडा घ्या, जरा डावीकडे सरकवा, एवढं नवीन भरा.’ काही चौकटी तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चौकटींच्या आधाराने रचलेल्या असतात. हा जथा साधारण बारा ते पंधरा चौकटींचा. पालमध्ये पंधरा म्हणजे ०.६ सेकंद. मग पुन्हा एक पूर्ण चौकट. तीन तासांच्या लग्नात खरीखुरी पूर्ण लिहिलेली चित्रं अशी अर्ध्यापाऊण सेकंदाला एकच असतात. बाकीची प्रत्येक वेळी पाहतापाहता घडवली जातात.

यातून एक गंमत उद्भवते. कुठेही उडी मारायची तर ती पूर्ण चौकटीवरच मारावी लागते. फरकांच्या चौकटीवर उतरलो तर यंत्राकडे फरक असतील, पण कशापासूनचा फरक ते नसेल. म्हणून डीव्हीडीचा चॅप्टर आय फ्रेमवरच सुरू होतो, आणि तिच्या जथ्यातली कोणतीही चौकट मागच्या जथ्यावर विसंबलेली चालत नाही. आधी सगळं आवळून टाकलं आणि मग चॅप्टर ठेवायला बसलं, तर तुम्ही दाखवलेली जागा आणि यंत्राला मिळालेली जागा यांत अर्ध्या सेकंदाचा फरक पडू शकतो. अर्धा सेकंद तो काय, असं वाटेल. पण शेवटचं ‘सावधान’ म्हटलं जातं आणि अंतरपाट खाली येतो, त्या दोहोंमध्ये किती वेळ असतो? वाजंत्री, टाळ्या, अक्षतांचा वर्षाव, सगळं त्या एका क्षणात फुटतं. चॅप्टर अर्धा सेकंद उशिरा पडला तर पाहणाऱ्याला अंतरपाट पडलेलाच दिसतो. जाणकार लोक म्हणून उलट्या क्रमाने जातात: चॅप्टरच्या जागा आधी ठरवतात, आणि मग आवळणाऱ्या सॉफ्टवेअरला सांगतात की या जागी नवी पूर्ण चौकट लिहिलीच पाहिजे. माझं मत विचाराल तर तरीही खूण घटनेच्या दोन-तीन सेकंद आधी ठेवावी. पाहणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते, आणि शेवटच्या कडव्याचा सूर कानावर पडला की पुढचं दृश्य आपोआप उलगडतं.

आता डिस्कवर खूण लिहिली जाते ती कशी? डीव्हीडीवर आतून बाहेर जाणारी एकच सलग सर्पिल वाट असते. तिच्या दोन वेढ्यांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन. ही वाट सरळ पसरली तर सुमारे पावणेबारा किलोमीटर भरेल, हातात मावणाऱ्या त्या चकतीत! वाटेचे २०४८ बाइटचे तुकडे पाडलेले असतात, सगळे मिळून जवळपास २३ लाख, आणि इथे प्रत्येक तुकड्याला क्रमांक आहे. फितीला जे कधी जमलं नाही ते इथे पहिल्या तुकड्यापासून आहे. त्याशिवाय चित्राच्या प्रवाहातही अर्ध्या ते एका सेकंदाला एक छोटा वाटाड्या तुकडा पेरलेला असतो. आपण कुठे आहोत, पुढचा वाटाड्या कुठे, मागचा कुठे, हे त्यात लिहिलेलं असतं. फास्ट फॉरवर्ड करताना प्लेअर या वाटाड्यांवरून उड्या मारत जातो.

चॅप्टर मात्र चित्राच्या या प्रवाहात नसतोच. डीव्हीडी संगणकात उघडली की ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर दिसतो. त्यात व्हीओबी नावाच्या भल्यामोठ्या फाइली असतात, त्यांत चित्र आणि आवाज. आणि आयएफओ नावाच्या अगदी चिमुकल्या फाइली असतात, त्यांत माहिती. चॅप्टरची नोंद आयएफओमध्ये. अमुक क्रमांकाचा चॅप्टर म्हणजे अमुक कार्यक्रम-खंड, तो खंड अमुक कप्प्यापासून सुरू, आणि तो कप्पा अमुक क्रमांकाच्या तुकड्यावर. एवढी साखळी. एका चॅप्टरसाठी लागणाऱ्या या नोंदींची बेरीज केली तर ती तीस-पस्तीस बाइट भरते. आज संगणकात ‘मंगलाष्टकं’ हा एक शब्द देवनागरीत लिहायलाच तीस बाइट लागतात! कोट्यवधी बाइटचं लग्न, आणि त्यातल्या सर्वात मोलाच्या क्षणाकडे जाणारी वाट एका शब्दाएवढ्या जागेत.

प्लेअर डिस्क घातल्याघातल्या ही यादी वाचून स्मरणात ठेवतो. आपण ‘नेक्स्ट’ दाबलं की त्याचं काम फक्त लेझर सरकवण्याचं. सर्वात आतल्या वेढ्यापासून सर्वात बाहेरच्या वेढ्यापर्यंतचं अंतर साडेतीन सेंटिमीटरसुद्धा नाही. छप्पन्न मीटर फीत गुंडाळायची त्याऐवजी काही मिलिमीटर सरकायचं. सरकतानाच मोटर आपली गती बदलते, कारण वाट लेझरखालून एकाच वेगाने जायला हवी: आतल्या वेढ्यावर चकती मिनिटाला सुमारे १,४०० फेरे घेते, बाहेरच्या कडेला सहाशेच्या आत. हे सगळं एका सेकंदाच्या आसपास उरकतं, आणि पडद्यावर मामा मुलीला घेऊन बोहल्याकडे निघालेला असतो.

खुणा कुठे ठेवायच्या, हा प्रश्न यंत्रावर सोडता येईल का? घरगुती डीव्हीडी रेकॉर्डरनी तसं केलं. व्हीसीआर जोडायचा, बटण दाबायचं, आणि दर पाच किंवा दहा मिनिटांनी चॅप्टर आपोआप. मला हे मनापासून पटत नाही. सप्तपदीचं चौथं पाऊल एका चॅप्टरमध्ये आणि पाचवं दुसऱ्यात, असं लग्न कुणी पाहायचं? शिवाय एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी-आर डिस्क फायनलाइज झाली की ती यादी बदलता येत नाही. काहीच नसण्यापेक्षा बरं, एवढंच.

सॉफ्टवेअर दृश्यं ओळखू शकतं. १९९५ नंतर आलेल्या मिनीडीव्ही कॅमेऱ्यांच्या कॅसेट असतील तर काम सोपं आहे, कारण त्या फितीवर प्रत्येक चौकटीसोबत शूटिंगची तारीख आणि वेळही नोंदलेली असते. दोन शेजारच्या चौकटींच्या वेळेत खंड पडला म्हणजे मध्ये कॅमेरा बंद झाला होता. तिथे खूण. व्हीएचएसवर अशी नोंद नाही, तेव्हा चित्रावरूनच ओळखावं लागतं. लागोपाठच्या दोन चौकटींतले रंग आणि उजेड एकदम बदलले तर सॉफ्टवेअर म्हणतं, नवीन दृश्य. आणि मराठी लग्नात ते हमखास फसतं. अंतरपाट पडल्यावर चहूबाजूंनी फोटोग्राफरचे फ्लॅश चमकतात; दर फ्लॅशला एक चौकट पांढरी होते, आणि सॉफ्टवेअरला तिथे दहा दृश्यं दिसतात. उलट बदामातून उमलणारे वधूवर, एकात एक विरघळणारी चित्रं यांत बदल इतका हळूहळू होतो की त्याला काहीच दिसत नाही. जिथे एकच अखंड क्षण आहे तिथे तुकडे, आणि जिथे हळद संपून लग्न लागलं तिथे सलग.

कानाने शोधणं जास्त खात्रीचं. व्हीएचएसच्या वरच्या कडेला आवाजाची वेगळी पट्टी असते, मिलिमीटरभर रुंद. फीत सावकाश जात असल्याने तिच्यावर बारीक, तीव्र स्वर नीट उमटत नाहीत, पण सनईचा सूर कधी थांबला आणि बँड कधी सुरू झाला हे कुणालाही कळेल. संपादन करणारे आवाजाची लाट पडद्यावर पसरून पाहतात. मंगलाष्टकं एका लयीत चढत-उतरत जातात, मग वाजंत्र्यांचा उंच डोंगर येतो, त्यानंतर पंगतीची सपाट, न संपणारी कुजबुज. सराव झाला की ऐकण्याआधीच जागा कळते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतल्या कॅसेटसाठी एक वेगळा इशारा द्यायला हवा. तिथली पद्धत एनटीएससी. तिच्यात सेकंदाला ३० चौकटी असतात असं आपण धरतो, पण असतात २९.९७. रंगीत प्रक्षेपण जुन्या कृष्णधवल संचांवरही चालावं म्हणून १९५३ मध्ये गती एवढीशी कमी केली गेली. परिणाम असा की सेकंदाला तीस मोजत गेलेलं घड्याळ तासाभरात खऱ्या वेळेपेक्षा ३.६ सेकंद मागे पडतं. म्हणून मोजणीची एक पद्धत तासाला १०८ क्रमांक गाळते. चौकटी नव्हे, फक्त क्रमांक. दर मिनिटाला दोन, दर दहावं मिनिट सोडून. चॅप्टरच्या वेळा एका पद्धतीने लिहिल्या आणि सॉफ्टवेअरने दुसऱ्या पद्धतीने वाचल्या तर न्यू जर्सीतल्या बारशात दीड तासावरची खूण पाच सेकंद ढळते, आणि बाळाच्या कानात नाव सांगून झालेलं असतं. पालमध्ये सेकंदाला बरोबर २५, तिथे ही अडचण नाही.

डीव्हीडीवरच्या एका सलग कार्यक्रमाला सामान्यतः ९९ चॅप्टरपर्यंत देता येतात. एवढे देऊ नयेत. तीन तासांच्या लग्नाला पंधरा-वीस पुरतात, पण ते विधींचेच असले पाहिजेत असं कुठे आहे? शूटिंगवाल्याने लग्न शूट केलं. कुटुंबाला त्यात माणसं पाहायची असतात. पंगतीत वाढताना सात सेकंद दिसलेले आजोबा, ज्यांचं दुसरं कुठलंही हलतंबोलतं चित्र घरात नाही. उखाणा घेताना अडखळलेली आणि मग सगळ्यांना हसवणारी काकू. आहेराच्या रांगेत मागे उभे असलेले शेजारी, जे आता त्या वाड्यात नाहीत, आणि वाडाही नाही. यंत्राला या सात सेकंदांत काहीच घडलेलं दिसत नाही. ना उजेड बदलतो, ना आवाज. ती जागा फक्त ओळखणारं माणूस दाखवू शकतं, आणि लग्नाला तीस-चाळीस वर्षं झाली असतील तर ओळखणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. मोठ्या आत्याला शेजारी बसवून कॅसेट पाहणं हे मी या सगळ्या कामातलं सर्वात तातडीचं काम मानतो. फीत अजून काही वर्षं थांबेलही. पण ती दमट हवेत बुरशी धरते, आणि व्हीसीआर बनवणाऱ्या जगातल्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये त्यांचं उत्पादन थांबवलं.

नावांबद्दलही सांगतो. डीव्हीडीवर साध्या चॅप्टरला नाव नसतं, फक्त क्रमांक. ‘हळद’, ‘सप्तपदी’ ही जी नावं मेन्यूवर दिसतात ती अक्षरं नसून चित्र आहे. मागे एक चित्र, आणि बटण निवडल्यावर चमकणारी कडा म्हणजे त्यावरचा चार रंगांचा पातळ थर. यातला फायदा पाहा: मेन्यू हे चित्रच असल्याने प्लेअरला देवनागरी येते की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. सुबक अक्षरात लिहा, आजीच्या हस्ताक्षराचा कागद स्कॅन करून लावा, स्वस्तात मिळालेला प्लेअरही ते बिनचूक दाखवेल.

त्याच रचनेत एक धोकाही आहे. आता बहुतेक लॅपटॉपमध्ये डीव्हीडीचा कप्पा नसतो, म्हणून लोक डिस्क पेन ड्राइव्हवर किंवा फोनवर उतरवून घेतात, आणि मोठ्या दिसतात म्हणून फक्त व्हीओबी फाइली उचलतात. चित्र येतं, आवाज येतो, चॅप्टर जातात, कारण ते त्या चिमुकल्या आयएफओमध्ये मागेच राहिले. व्हीओबीचे एक-एक जीबीचे तुकडे म्हणजेच चॅप्टर, असाही समज आहे. तो खरा नाही, ते तुकडे नुसते आकाराच्या हिशेबाने पडलेले असतात. पूर्ण फोल्डर उतरवून घेतला आणि हँडब्रेक किंवा मेकएमकेव्हीसारख्या प्रोग्रॅममधून काढला, तर खुणा नव्या फाइलमध्ये सुखरूप येतात. एमकेव्ही प्रकारच्या फाइलीत तर प्रत्येक चॅप्टरला खरं नाव देता येतं, देवनागरीत, अक्षरांत. यूट्यूबवर खासगी ठेवलेल्या व्हिडिओखाली ००:०० पासून सुरू करून किमान तीन जागांच्या वेळा आणि त्यांपुढे नावं लिहिली तरी चॅप्टर पडतात; प्रत्येक किमान दहा सेकंदांचा हवा, म्हणून आजोबांचे सात सेकंद तिथे थोडे आधीपासून धरावे लागतील.

या सगळ्यांना जी कच्ची सामग्री लागते ती एकच आहे: वेळ आणि त्यापुढे नाव, अशा ओळींची साधी यादी. डिस्क करताना ती एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहा, डिस्कवरही ठेवा आणि दोन-तीन घरांत पाठवून द्या. डब्यातल्या त्या बॉलपेनच्या कागदावरचे काउंटरचे आकडे आता निरुपयोगी असले तरी त्यावरचा क्रम आणि नावं इथे कामी येतील. आणि नावं लिहिताना नुसतं ‘आजी’ लिहू नका. कुणाच्या आजी, त्यांचं माहेरचं नाव काय, गाव कुठलं, निळ्या नऊवारीतल्या त्या का शेजारच्या, हे लिहा. शूटिंगवाला कोण होता हे माहीत असेल तर तेही लिहा. तीन तास तो समोरच उभा होता, आणि फितीवर कुठेच नाही.